ठासणीचं पिस्तूल, मार्फत रघू

भाट्ये, रत्नागिरी
४ मार्च १९९८

दत्तू,

पत्राच्या वरच्या ओळीत चिरंजीव, आशीर्वाद वगैरे लिहायचं असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. जन्मभर शाळेत पोरांना पत्रलेखनच शिकवलं. पण अकरा वर्षांत नववर्षाच्या छापील कार्डांपलीकडे तू बहिणीला एक ओळ धाडली नाहीस, तेव्हा आशीर्वाद शेवटी देईन. तोही राग उतरला तर.

तुझ्या पाकिटातून फोटो पडला, तो मला वाटलं सावनीचा असेल. लेक केवढी झाली बघावं म्हणून चष्मा लावला, तर टेबलावर पिस्तूल! खाली तुझी चार पानं. हे नवंच आहे, इटलीत बनवलंय, पण घडण दीडशे वर्षांपूर्वीची. फिरत्या चक्रातल्या सहा घरांत पुढून दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालच्या दांडीनं ती दाबून बसवायची, मागून ठिणगीच्या टोप्या चढवायच्या. दत्तू, म्हणजे हे ठासणीचंच की रे!

शहाऐंशीच्या दसऱ्याला आप्पांच्या ठासणीच्या बंदुकीची पूजा मांडली होती आणि पाहुणे पानावर बसले होते. तेव्हा तू सगळ्यांदेखत म्हणालास, "हे भंगार सरकारजमा करा आणि बागही विकून मोकळे व्हा." आप्पा म्हणाले, "माझ्या उंबऱ्याच्या आत पुन्हा पाऊल टाकायचं नाही." तू टाकलं नाहीस. बाप तसा लेक, एकाच माळेचे मणी. आणि आता तेच भंगार तू इटलीहून मागवतोस! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा.

हसू आलं, पण पुढचा परिच्छेद वाचला आणि हसू विरलं. तुमच्या पेनसिल्वेनियातल्या जत्रेत हौशी मंडळी जुन्या काळचे कपडे घालून बार काढत होती, धूर वाऱ्यानं तुझ्याकडे आला आणि तू गवतावर खाली बसलास. "आप्पांच्या सदऱ्याचा वास आला," असं लिहिलंयस. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

मग तुझं पत्र मी ओटीवर बसून मोठ्यानं वाचलं. वाचायला बंदी नाही, उंबऱ्याचीच बंदी आहे. आप्पा झोपाळ्यावर डोळे मिटून होते. आपला रघू गडी सुपाऱ्या सोलत होता. पत्र संपलं. तशी आप्पा म्हणाले,

"रघू, दारू कोणती वापरतात रे तिकडे?"

"मना काय ठाव ओ, आप्पा?"

"मग विचार की. पत्र कोणाचं ते मला माहीत नाही. पण तुला जाणून घ्यायचं असेल तर ही कमला लिहील तुझ्यातर्फे."

बिचारा रघू. त्याला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही. पण तेव्हापासून त्याला फार प्रश्न पडायला लागले आहेत. हे पिस्तूल पोस्टमन घरपोच आणून देतो, हे खरं का? परवाना लागत नाही, हे खरं का? हा प्रश्न तर रघूनं तीनदा विचारला. आपल्याकडे निवडणूक लागली की बंदूक चौकीत नेऊन जमा करावी लागते. आत्ताच कुठे ती सोडवून आणली आहे.

तेव्हा रीत अशी ठरली: तू रघूला सांग, रघू तुला विचारील. हसू नकोस. आप्पा चौऱ्याऐंशीचे झाले. ते आहेत तोवर तुम्ही दोघांनी एकदा तोंडानं एकमेकांशी बोलावं, एवढं एकच मला हवं आहे. ते रघूच्या डोक्यावरून होणार असेल तर तसं होऊ दे.

राग काही उतरला नाही. आशीर्वाद मात्र घे.

ताई


भाट्ये
१९ ऑगस्ट १९९८

दत्तू,

पुढच्या वेळी असलं काही लिहायचं असेल तर पाकिटावर खूण कर, म्हणजे मी आधी मनात वाचीन. मी आपली धडाधड वाचत गेले, "एका बाराबरोबर शेजारच्या घरातला बारही आपोआप उडाला, डाव्या हाताला भाजलं..." आणि आप्पा झोपाळ्यावरून उठून उभे.

"हात? हात शाबूत आहे का?"

हे रघूला नव्हतं, मला नव्हतं, तुळशीवृंदावनालाही नव्हतं. मी म्हटलं, "नुसता चटका आहे, आप्पा. फोड येऊन गेले." मग सावरले. बसले. "रघू, तुझ्या त्या माणसाला सांग, दारूशी घिसाडघाई करू नये." रघू म्हणाला, "सांगतंय." त्याचा तो माणूस म्हणजे तू.

पुढे दोन दिवस घरात दुसरा विषय नाही. पिस्तुलातल्या घराच्या तोंडाशी, गोळीच्या कडेनं फट राहत असणार, ठिणगी तिथून आत शिरते, तेव्हा तोंड बुजवायला हवं, असं आप्पांचं मत. तुमच्या नेमबाजीच्या क्लबातले चरबी लावतात, पण उन्हात ती वितळून हातावर ओघळते, असं तू लिहिलंस. त्यावर आप्पा म्हणाले, "मग मुठेल लावा म्हणावं." कोकमाच्या बियांचं तेल काढून, थिजल्यावर मुठीत वळून आपण गोळे करतो, तेच. आई आपल्या टाचांच्या भेगांना लावायची. हातात धरलं तर मऊ होतं, नुसत्या उन्हाळ्यानं पाघळत नाही. सोबत चार गोळे पाठवते आहे. पार्सलावर "पायांच्या भेगांसाठी" असं लिहिलंय. कस्टमवाल्यांना एवढंच पुरे.

एक सांगू? तुझं ते पिस्तूल धुण्याचं वर्णन मला फार आवडलं. प्रत्येक वेळी सगळे भाग सुटे करायचे, कढत पाण्यात साबण घालून घासायचे, पुसून तेल लावायचं, नाहीतर एका रात्रीत गंज धरतो. जो मुलगा जेवल्यावर स्वतःचं ताट उचलत नव्हता, तो अमेरिकेत जाऊन पिस्तुलाची भांडी घासतोय! आई असती तर तिनं साखर वाटली असती.

हात जप.

ताई


भाट्ये
१२ जानेवारी १९९९

दत्तू,

काय करून ठेवलंस हे! पार्सल रघूच्या नावानं पाठवलंस ते पाठवलंस, वर "श्रीयुत" लिहिलंस. पोस्टमास्तरांनी त्याला खुर्ची दिली. गावभर झालं की रघूचा कोणी सगा अमेरिकेत आहे. त्याच्या मुलाला लांज्याहून दोन स्थळं सांगून आली, त्यातलं एक तर काजूच्या कारखान्याच्या मालकाचं. रघू मला म्हणाला, "ताई, आता खरा काय ता सांगू की लगीन झाल्यावर सांगू?"

मुठेल चाललं हे वाचून आप्पांची छाती फुगली ती अजून खाली आलेली नाही. एकही जादा बार उडाला नाही आणि वर तुझ्या क्लबातल्या साहेबांनी आणखी गोळे मागितले! औषधवाला असो की मासेवाली, आप्पा प्रत्येकाला सांगतात, "अमेरिकेत आमच्या कोकमाशिवाय गोळी सुटत नाही." कोणाची गोळी, हे मात्र सांगत नाहीत.

सावनीनं घेतलेली तुझ्या नेमबाजीची कॅसेट आपल्या शेजारच्या सलिलकडे लावली. सलिल बँकेत आहे, त्याच्याकडे व्हिडिओ आहे. आप्पा कोट घालून आले. तोंड खिडकीकडे करून बसले. हल्ली त्यांना असं बसायची सवय लागली आहे. पण कान टीव्हीकडे. चौथ्या बाराला म्हणाले, "हा दबका निघाला. दारू ओलसर होती." आणि पाठोपाठ पडद्यावर तू कोणाला तरी इंग्रजीत तेच सांगितलंस! सलिल बघतच राहिला. समुद्रापलीकडची ओली दारू एका टीव्हीच्या भोंग्यावरून ओळखणारा माणूस आपल्या घरात झोपाळ्यावर बसून असतो, दत्तू, आणि आपण त्याला निवृत्त समजतो.

आणि तुझंही सांगते. तू उभा राहिलास तो ताठ, खांदा सैल, हात एकदाही हलला नाही. घोडा मागे ओढायचास, थांबायचास, मग बार. पांढरा ढग उठायचा, त्यात तू दिसेनासा व्हायचास आणि धूर विरला की तसाच उभा. केस पांढरे झालेत तुझे. मला अभिमान वाटला, उगीच आडून कशाला सांगू?

घरी येताना आप्पा रघूला म्हणाले, "दांडी दाबताना तो घाई करत नाही. आवाजावरून कळतं." रघू म्हणाला, "व्हय." आता तोही तयार झालाय.

ताई


भाट्ये
२४ ऑक्टोबर १९९९

दत्तू,

यंदा पुन्हा निवडणूक, पुन्हा बंदूक चौकीत. दसऱ्याच्या तोंडावर सोडवून आणली. पूजा मांडताना मी मुद्दाम तुझ्या पिस्तुलाचा फोटो बंदुकीशेजारी ठेवला आणि दोन्हींना झेंडू वाहिला. आप्पा अक्षता टाकायला वाकले, हात पाटावर फिरला, फोटोला लागला. "हे गुळगुळीत काय?" मी म्हटलं, "रघूच्या माणसाचं पिस्तूल." मला वाटलं, आता उचलून फेकतात. त्यांनी फोटोवर अक्षता टाकल्या आणि हात तिथेच राहू दिला.

दोन दिवसांनी तुझा तो निशाणाचा कागद आला. क्लबच्या स्पर्धेत तुझा पहिला नंबर, त्याचा. मी वाचून दाखवलं. आप्पांनी हात पुढे केला. कागद मांडीवर पसरून बोटांनी एकेक भोक चाचपलं. मग त्यावर हाताची बोटं आडवी ठेवून बघितली. तीन बोटांत सगळी भोकं मावली. पुन्हा चाचपलं.

"सहा घरं ना त्याला?"

"हो."

"भोकं पाचच आहेत."

मी म्हटलं, "एक नेम चुकला असेल."

"चुकला नाही," आप्पा म्हणाले. "घोड्याखालचं घर तो रिकामं ठेवतो. धक्का लागून बार सुटू नये म्हणून. शहाणा झालाय."

रघू त्या वेळी तिथे नव्हता, दत्तू. तो शिंपण करायला गेला होता. ओटीवर आम्ही दोघंच होतो. कागद आता त्यांच्या उशीखाली असतो.

तुला हे लिहायचं नाही अशी शपथ त्यांनी मला घातली होती, ती आज मोडते. तुझ्या लक्षात आलंच असेल. आप्पांना दिसत नाही. काचबिंदू. एक डोळा तू पहिलं पत्र पाठवलंस त्याच्या आधीच गेला, दुसरा त्या वर्षी. डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर आता परत येत नाही. मला म्हणाले, "त्याला कळवलंस तर कीव करायला येईल. भांडायला आला तर येऊ दे, कीव करायला नको." तू पाठवलेले सगळे फोटो मी त्यांना बोलून दाखवले. पण हा कागद त्यांना माझ्यावाचून वाचता आला.

बंदूक आता मी चालवते. परवान्यावर माझं नाव चढवून घेतलं, साहेब दोनदा म्हणाले, "बाई, तुम्ही?" वानरं कलमांवर उतरली की मी हवेत बार काढते. ठासून मात्र अजून आप्पाच देतात. दारू, काथ्याचा बोळा, गज आत घालायचा आणि रिकाम्या नळीपेक्षा तो किती बोटं वर राहिला ते मोजायचं. चार बोटं म्हणजे चार बोटं, केसभर इकडे तिकडे नाही. मला डोळे असून ते जमत नाही. माझी बोटं बारीक, माझा बार नेहमी कमी भरतो आणि वानरं मला हसतात.

आता तू ये. कीव घरी ठेवून ये.

ताई


भाट्ये
८ मे २०००

दत्तू,

डिसेंबरात येतोस हे वाचून मी आधी देवापुढे दिवा लावला आणि मग तुझा प्रश्न वाचला, "उतरू कुठे?"

मी आप्पांना विचारलं. सरळ विचारलं, रघूला मध्ये न घालता. म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द. मी उंबऱ्याच्या आत नको म्हटलंय." मी म्हटलं, "उशीखाली त्याचा कागद ठेवताना शब्द कुठे गेला होता?" ते म्हणाले, "कागदाला पाय नसतात." मग मी दोन दिवस त्यांच्या ताकात मीठ घातलं नाही. तसंच प्यायले.

वाट काढली ती रघूनं. सुपाऱ्या सोलता सोलताच म्हणाला, "आमच्याकडं येऊं दे की. पत्रां सगळी माझ्याच नावावर येतात ना? मंग पावना पण माझाच." आप्पांनी झोपाळा थांबवला. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. परत झोका घेतला.

तेव्हा तू रघूकडे उतरायचं आहेस, बागेच्या खालच्या टोकाला. तुझं हॉटेलबिटेल मनातून काढ. रघूनं आत्तापासून चुना लावायला काढलाय. त्याची बायको गंगा विचारत होती, अमेरिकेचा माणूस नाचणीची भाकरी खातो का. मी सांगितलं, तो माझ्या हाताखालून गेलाय, सगळं खातो.

आप्पा तिथे तुला भेटायला येतील अशी आशा ठेवू नकोस, हे आधीच सांगते. रघूचे वडील आपल्याकडे, रघू आपल्याकडे, पण आप्पांनी त्यांच्या अंगणात आजवर पाऊल टाकलेलं नाही, पाण्याचा थेंब घेतलेला नाही. जातीचा ताठा, दुसरं काही नाही. आपल्या बापाचं जे कौतुकाचं आहे ते मी पानं भरभरून लिहिलं, तेव्हा हेही लिहायला हवं.

आणि पिस्तूल आणू नकोस. तुझ्याकडे ते पोस्टमनबरोबर येतं, इथे पोलिसांबरोबर येईल. निशाणाचे कागद आण. जितके असतील तितके.

ताई


वरच्या घरातून, रघूच्या हाती
शनिवार, २३ डिसेंबर २०००

दत्तू,

दोन दिवस झाले तू खाली आहेस. मी जेवणाचा डबा घेऊन उतरते, तुझ्याशेजारी बसते, वर येते आणि आप्पा विचारतात, "रघूचा पाहुणा जेवला?" एवढंच. तुला वाटतंय ते विरघळत नाहीत. काल तू म्हणालास, "ताई, मी परवा मुंबईला निघतो, त्यांना त्रास नको." म्हणून हे पत्र, हाकेच्या अंतरावरून. गंगासमोर हे सगळं बोलता आलं नसतं, आणि मला रडू आलं असतं.

आज सकाळी वानरं आली. आप्पांनी ठासून दिलं, मी बार काढला. तेव्हा तू खालून रघूला काही म्हणालास. मला नुसता आवाज आला. आप्पांना शब्द कळले. मला म्हणाले, "काय म्हणाला ऐकलंस? 'आज पुरी चार बोटं, हा आप्पांनी भरलाय.' एवढ्या लांबून!" आणि हसले. तोंड फिरवून हसले, पण खांदे हलत होते ते मला दिसलं.

मग दुपारभर झोपाळा हलला नाही. चारच्या सुमाराला रघू नारळ घेऊन वर आला, तशी त्याला हाक मारली.

"रघू, उद्या सकाळी तुझ्याकडे चहा मिळेल का?"

रघूच्या हातातले नारळ ओटीभर घरंगळले. तो ते गोळा करायला वाकला. तसाच म्हणाला, "आप्पा, तुमी... आमच्यात?"

"तुझ्याच घरचा विचारतोय. गूळ घालायला सांग, साखर नको."

तो गेल्यावर मी विचारलं, "आणि शब्द?" तर म्हणतात कसे, "मी त्याला आत यायचं नाही म्हटलं होतं. मी बाहेर जायचं नाही, असं कुठे म्हटलं होतं?" चौदा वर्षं हे उत्तर त्यांच्याजवळ होतं, दत्तू! मला त्यांचा इतका राग आला आणि इतकं बरं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

तेव्हा आता नीट वाच. निघायचं रद्द कर. आम्ही आठ वाजता येऊ. त्यांना दिसत नाही हे तुला माहीत नाही, अशा समजुतीत ते आहेत, तू माहीत नसल्यासारखाच राहा. उतरणीवर हात धरायला धावू नकोस, त्यांना आवडणार नाही, मी आहे. गंगानं आढेवेढे न घेता चहा त्यांच्या हातात द्यावा, कप खाली ठेवू नये. ते पितील. मी विचारलंय.

बंदुकीचा विषय सुरुवातीला काढू नकोस. तुम्ही दोघं दारूवर आणि टोप्यांवर दुपारपर्यंत बोलाल आणि खरं ते राहून जाईल. कागद नंतर दे.

बसल्यावर ते विचारतील, "रघू, पाहुणा कोण?" रघू उत्तर देणार नाही. तीन वर्षं बिचारा मध्ये उभा राहिला, उद्या त्याला सुट्टी आहे, असं मी त्याला सांगून ठेवलंय. तुझं नाव तूच सांग. मोठ्यानं सांग.

मग ते हात पुढे करतील. थोबाडीत द्यायला की तुझं तोंड चाचपायला, हे मला खरंच सांगता येत नाही. दोन्हीसाठी जवळ उभा राहा.

ताई